विश्लेषण : ‘लोलिता’च्या लेखकाने फुलपाखरांचे कोडे कसे सोडवले? मृत्यूनंतर ३४ वर्षांनी खरा ठरलेला अंदाज काय होता?

जग त्यांना ‘लोलिता’ या वादग्रस्त कादंबरीचे लेखक म्हणून ओळखते. पण व्लादिमिर नाबोकोव्ह यांनी ऐन उमेदीची काही वर्षे हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात मायक्रोस्कोपला डोळा लावून, नखाएवढ्या निळ्या फुलपाखरांचा अभ्यास करण्यात घालवली. ही फुलपाखरे आशियातून अमेरिकेत कशी पोहोचली, याचा अंदाज त्यांनी १९४५ मध्ये मांडला. तो २०११ मध्ये डीएनए चाचणीत खरा ठरला. त्यांनी नाव दिलेल्या एका फुलपाखराला तर त्या नावामुळेच कायद्याचे संरक्षण मिळू शकले. हा सारा प्रवास काय होता, ते समजून घेऊ.

नाबोकोव्ह कोण होते?

नाबोकोव्ह यांचा जन्म १८९९ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्गमध्ये एका श्रीमंत घराण्यात झाला. वडील उदारमतवादी राजकारणी आणि कायदेतज्ज्ञ होते. रशियन, इंग्रजी आणि फ्रेंच या तिन्ही भाषा घरात बोलल्या जात. पुढे त्यांनी आधी रशियन आणि नंतर इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही भाषांत मोठा लेखक म्हणून नाव कमावलेली अशी माणसे जगात मोजकीच आहेत.

मात्र त्यांच्या आयुष्यात लेखनाआधी आली ती फुलपाखरे. वयाच्या सातव्या वर्षी हातात आलेली जाळी सत्तरी ओलांडल्यावरही सुटली नाही. त्यांच्याकडे प्राणिशास्त्राची पदवी नव्हती. तरीही त्यांनी सुमारे वीस शास्त्रीय लेख लिहिले आणि अमेरिकेतील निळ्या फुलपाखरांच्या वर्गीकरणाची नव्याने मांडणी केली.

ही फुलपाखरे नेमकी कोणती?

फुलपाखरांमधील ‘लायसिनिडी’ हे एक मोठे कुळ आहे. या कुळातील बहुतेक फुलपाखरे लहान असतात. पंख पसरले तरी अनेकांची रुंदी दोन-तीन सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. याच कुळात ‘ब्लू’ म्हणजे निळी फुलपाखरे आणि ‘हेअरस्ट्रीक’ हे दोन मोठे गट येतात. हेअरस्ट्रीकच्या पंखांच्या खालच्या बाजूला केसासारख्या बारीक रेघा असतात. अनेकांच्या मागच्या पंखांना नाजूक शेपट्या आणि त्यांच्या मुळाशी डोळ्यासारखा ठिपका असतो. पक्ष्याला तेच डोके वाटते. तो तिथे चोच मारतो आणि पंखाचा तुकडा गमावून फुलपाखरू जीव वाचवते.

हे कुळ आपल्याला अनोळखी नाही. पश्चिम घाटात दिसणारे ‘मंकी पझल’ हे हेअरस्ट्रीकच्याच उपकुळातले. सोसायटीच्या लॉनवर जमिनीलगत उडणारे फिकट निळे ‘ग्रास ब्लू’ आंबुशीच्या पानांवर अंडी घालते, तर ‘लाइम ब्लू’ कुंडीतल्या लिंबाच्या रोपावर वाढते. नाबोकोव्ह यांनी ज्या गटाचा अभ्यास केला, त्या गटाची ही जवळची नातलग आहेत.

या कुळाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे मुंग्यांशी असलेले साटेलोटे. अनेक प्रजातींच्या अळ्या अंगातून गोड द्रव सोडतात. मुंग्या तो चाटतात आणि त्या बदल्यात अळीचे परजीवी माश्या व गांधीलमाश्यांपासून रक्षण करतात.

फुलपाखरांचा नाद कसा लागला?

सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला व्यरा येथे नाबोकोव्ह कुटुंबाची जहागीर होती. उन्हाळ्यात सगळे कुटुंब तिथे राहायला जाई. वडिलांनाही फुलपाखरांची आवड होती. लहानगा व्लादिमिर सकाळभर दलदलीत आणि कुरणांत जाळी घेऊन भटके, तर रात्री युरोपातील कीटकशास्त्राचे जाडजूड ग्रंथ वाचत बसे.

एकदा त्याला एक वेगळाच पतंग सापडला. ही नवी प्रजाती आहे, अशी त्याची खात्री झाली. त्याने त्याचे वर्णन लिहून इंग्लंडमधील एका कीटकतज्ज्ञाकडे पाठवले. उत्तर आले ते निराश करणारे होते. क्रेचमार नावाच्या माणसाने त्या पतंगाची नोंद आधीच केली होती. प्राण्यांच्या नामकरणात जो पहिला, त्याचाच मान, हा नियम त्या मुलाला असा कळला. हा सल त्यांच्या मनात बरीच वर्षे राहिला. पुढे एका रशियन कादंबरीत त्यांनी आंधळ्या होणाऱ्या नायकाला क्रेचमार हे नाव देऊन त्याचा गमतीदार सूड उगवला.

देश सोडावा लागल्यावर काय झाले?

१९१७ च्या क्रांतीनंतर कुटुंबाने क्रिमियात आसरा घेतला. यादवी सुरू असतानाही तरुण नाबोकोव्ह तिथल्या डोंगरांत फुलपाखरे टिपत होते. १९१९ मध्ये कुटुंबाने रशिया कायमचा सोडला. नाबोकोव्ह केंब्रिजला शिकायला गेले. क्रिमियातील फुलपाखरांवरचा त्यांचा इंग्रजी लेख १९२० मध्ये ‘द एंटोमॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात आला. हा त्यांचा पहिला शास्त्रीय लेख.

मार्च १९२२ मध्ये बर्लिनमधील एका सभेत मारेकऱ्यांनी गोळीबार केला. त्यात त्यांच्या वडिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर नाबोकोव्ह बर्लिनमध्येच राहिले. शिकवण्या करून आणि रशियन कादंबऱ्या लिहून ते पोट भरत. १९२५ मध्ये त्यांनी व्हेरा यांच्याशी लग्न केले. एका कादंबरीचे बरे पैसे मिळाले, तेव्हा १९२९ मध्ये दोघे फुलपाखरांसाठी थेट पिरेनीज पर्वतात गेले.

व्हेरा ज्यू होत्या. हिटलरच्या जर्मनीत राहणे अशक्य झाल्यावर १९३७ मध्ये कुटुंब फ्रान्सला गेले. मे १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसकडे सरकत असताना नाबोकोव्ह पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलासह जहाजाने अमेरिकेला निघाले. आधी रशियातला आणि मग युरोपातला फुलपाखरांचा संग्रह मागेच राहिला होता.

हार्वर्डमध्ये त्यांनी नेमके काय केले?

अमेरिकेत आल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात बिनपगारी काम सुरू केले. १९४१ मध्ये वेल्स्ली कॉलेजात नोकरी मिळाली. तिथून जवळच हार्वर्डचे तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालय होते. तिथला फुलपाखरांचा संग्रह विस्कळीत असल्याचे पाहून त्यांनी तो लावून देण्याची तयारी दाखवली. १९४२ मध्ये त्यांची संशोधक म्हणून नेमणूक झाली आणि १९४८ पर्यंत ते तिथे होते. मानधन तुटपुंजे होते. पण हीच वर्षे आयुष्यातील सर्वात आनंदाच्या काळात मोडतात, असे ते पुढे सांगत.

अडचण अशी होती की निळी फुलपाखरे एकमेकांसारखीच दिसतात. केवळ रंगावरून प्रजाती ठरवायला गेले, तर हमखास फसगत होते. म्हणून नाबोकोव्ह यांनी दोन गोष्टींवर भर दिला. पहिली म्हणजे नराच्या जननेंद्रियांची रचना. फुलपाखराचे पोट रसायनात भिजवून मऊ करायचे, आतले सूक्ष्म कठीण भाग बाहेर काढायचे, मायक्रोस्कोपखाली त्यांचे आकार मोजायचे आणि चित्रे काढायची. दुसरी म्हणजे पंखांवरील खवले. फुलपाखराच्या पंखांवरची ‘धूळ’ म्हणजे ओळीने रचलेले सूक्ष्म खवले असतात. त्या ओळी मोजून कोणता ठिपका नेमका कुठे आहे, हे त्यांनी नकाशासारखे नोंदवले.

हे काम ते दिवसातून अनेक तास करत. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि दृष्टी कायमची कमजोर झाली.

‘खोट्या हेअरस्ट्रीक’ची भानगड काय?

१९४५ मध्ये ‘सायकी’ या नियतकालिकात नाबोकोव्ह यांनी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील निळ्या फुलपाखरांवर मोठा लेख लिहिला. तोवर ही फुलपाखरे मोजक्या गटांत कशीबशी कोंबलेली होती. नाबोकोव्ह यांनी जननेंद्रियांच्या रचनेवरून त्यांचे नवे गट पाडले. हाताशी होते अवघे शंभर-सव्वाशे नमुने.

अँडीज पर्वतातील एक गट दिसायला हेअरस्ट्रीकसारखा होता, पण आतली रचना सांगत होती की तो निळ्या फुलपाखरांचा आहे. म्हणून त्यांनी त्याला ‘स्यूडोथेक्ला’ हे नाव दिले. ‘थेक्ला’ हे हेअरस्ट्रीकचे शास्त्रीय नाव आणि ‘स्यूडो’ म्हणजे खोटा. नाव चपखल होते. पण पुन्हा तोच जुना नियम आडवा आला. हे नाव दुसऱ्या एका गटाला काही दशके आधीच दिले गेले होते. त्यामुळे नाबोकोव्ह यांचे नाव बाद झाले.

पुढे १९६० मध्ये ब्रिटिश तज्ज्ञ फ्रान्सिस हेमिंग यांनी या गटाला पर्यायी नाव दिले, ‘नाबोकोव्हिया’. लहानपणी पतंगाला नाव देण्याचा मान हुकलेल्या माणसाचेच नाव फुलपाखरांच्या एका गटाला मिळाले.

पाच लाटांचा सिद्धांत काय होता?

याच लेखात एक धाडसी कल्पना होती. अमेरिका खंडातील ही निळी फुलपाखरे मूळची तिथली नाहीत, असे नाबोकोव्ह यांना वाटत होते. त्यांचे पूर्वज आशियातले. आज सैबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये बेरिंग सामुद्रधुनी आहे. पण भूतकाळात समुद्राची पातळी खाली असताना तिथे जमीन उघडी होती. त्या वाटेने फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत अमेरिकेत आली. तीही एकदम नव्हे, तर लाखो वर्षांच्या अंतराने पाच लाटांत. सर्वात आधीच्या लाटेचे वंशज दक्षिणेकडे थेट चिलीपर्यंत पोहोचले आणि नंतरच्या लाटा उत्तर अमेरिकेत राहिल्या.

हे समजावण्यासाठी त्यांनी एच. जी. वेल्स यांच्या कालयंत्राचा आधार घेतला होता. अशा यंत्रात बसून मागे जाणाऱ्या अभ्यासकाला वेगवेगळ्या काळांत कोणती फुलपाखरे कुठे दिसतील, याची त्यांनी कल्पना केली. डीएनए वाचण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. जीवाश्मांचा आधारही नव्हता. त्यांच्याकडे होती ती मायक्रोस्कोपखालची मोजमापे आणि नकाशा. या कल्पनेकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

‘कार्नर ब्लू’ला वेगळे नाव का दिले?

हार्वर्डच्या पेट्यांमध्ये काही जुने नमुने होते. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनीजवळ कार्नर नावाचे ठिकाण आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात पकडलेले. ते दुसऱ्याच एका प्रजातीच्या नावाखाली ठेवलेले होते. नाबोकोव्ह यांनी त्यांची रचना तपासली आणि हे फुलपाखरू वेगळे असल्याचे सांगितले. १९४४ मध्ये त्यांनी त्याची ‘सॅम्युएलिस’ ही उपप्रजाती ठरवली. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ सॅम्युएल स्कडर यांच्या स्मरणार्थ हे नाव होते. पुढे ती स्वतंत्र प्रजातीच असावी, असे त्यांचे मत झाले.

तोवर त्यांनी हे फुलपाखरू जिवंत पाहिलेले नव्हते. ते दिसले १९५० च्या उन्हाळ्यात, खुद्द कार्नरला. पाइन वृक्षांच्या विरळ रानात, वाळूवर उगवलेल्या जंगली ल्युपिनच्या निळ्या-जांभळ्या फुलांभोवती ती उडत होती. त्यानंतर तिथून जाणे झाले की नाबोकोव्ह वाट वाकडी करून थांबत. ‘प्निन’ या त्यांच्या कादंबरीतही ओल्या वाळूवरून उठणाऱ्या छोट्या निळ्या फुलपाखरांचा एक प्रसंग आहे. पात्रांना त्यांचे नाव माहीत नसते, पण जाणकार वाचक ते ओळखतात.

‘लोलिता’ आणि फुलपाखरांचा संबंध काय?

१९४८ मध्ये नाबोकोव्ह साहित्य शिकवण्यासाठी कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि संग्रहालयातील काम सुटले. पण उन्हाळ्याची सुटी फुलपाखरांसाठीच राखीव राहिली. नाबोकोव्ह यांना गाडी चालवता येत नव्हती. व्हेरा गाडी चालवत आणि दोघे अमेरिकेच्या पश्चिम भागातील डोंगर पालथे घालत. रस्त्याकडेच्या मोटेलांत मुक्काम, दिवसा जाळी आणि ऊन नसेल तेव्हा छोट्या कार्डांवर कादंबरीचे लेखन, असा क्रम असे. ‘लोलिता’चा बराच भाग असाच लिहिला गेला.

१९५१ मध्ये कोलोरॅडोतील टेल्युराइड या खाणगावाच्या वरच्या उतारांवर त्यांना एका निळ्या फुलपाखराची मादी सापडली. त्याच्या नरांचे वर्णन त्यांनी संग्रहालयातील नमुन्यांवरून आधीच केले होते, मादी मात्र तोवर कोणीच पाहिली नव्हती. ‘लोलिता’च्या शेवटाकडे डोंगरावरून दिसणाऱ्या गावाचे जे दृश्य आहे, ते याच जागेवरून सुचले.

ही कादंबरी १९५५ मध्ये पॅरिसमध्ये आणि १९५८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. अल्पवयीन मुलीचे शोषण करणारा माणूस स्वतःच कथा सांगतो, यावरून तिच्याभोवती मोठे वादळ उठले. पण या कादंबरीने त्यांना आर्थिक स्थैर्य दिले. नोकरी सोडून १९६१ पासून ते स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे एका हॉटेलात राहू लागले.

शास्त्रज्ञांनी त्यांना गांभीर्याने का घेतले नाही?

प्रसिद्धीच त्यांच्या संशोधनाच्या आड आली. एका कादंबरीकाराचा छंद, एवढ्यावरच अनेकांनी ते काम बाजूला ठेवले. प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी त्यांना काटेकोर आणि सक्षम वर्गीकरणतज्ज्ञ मानले, पण नव्या कल्पना देणारा शास्त्रज्ञ मानले नाही.

नाबोकोव्ह यांच्या चुकाही झाल्या. १९३८ मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये सापडलेल्या एका फुलपाखराला त्यांनी नवी प्रजाती म्हणून नाव दिले होते. ती दोन प्रजातींचा संकर असल्याचे पुढे स्पष्ट झाले. फुलपाखरांच्या पंखांवरील हुबेहूब नक्कल केवळ नैसर्गिक निवडीतून घडू शकते, हे त्यांना कधीच पूर्ण पटले नाही. जीवशास्त्र या बाबतीत त्यांच्या बाजूने गेले नाही.

१९७५ च्या उन्हाळ्यात दावोसच्या डोंगरउतारावर फुलपाखरे शोधताना ते घसरून पडले. त्यांना उठता येईना. केबल कारमधून जाणाऱ्यांना वाटले, आजोबा मजेत हात हलवत आहेत. मदत यायला बराच वेळ गेला. त्यानंतर प्रकृती ढासळत गेली आणि २ जुलै १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी युरोपात जमवलेली चार हजारांहून अधिक फुलपाखरे लोझानच्या संग्रहालयात आहेत.

डीएनए चाचणीने काय सिद्ध केले?

त्यांच्या मृत्यूनंतर झोल्त बालिंत, कर्ट जॉन्सन आणि दुबी बेन्यामिनी यांनी दक्षिण अमेरिकेतील निळ्या फुलपाखरांचा अभ्यास पुढे नेला. नाबोकोव्ह यांनी पाडलेले गट बहुतांशी बरोबर असल्याचे त्यांच्या लक्षात आले. नव्या प्रजातींना त्यांनी नाबोकोव्ह यांच्या पुस्तकांतील पात्रांची नावे दिली.

पाच लाटांची परीक्षा घेतली ती नाओमी पियर्स, रॉजर व्हिला आणि सहकाऱ्यांनी. पियर्स या हार्वर्डच्या त्याच संग्रहालयातील फुलपाखरांच्या विभागाच्या प्रमुख. अँडीजमधून नमुने गोळा करून त्यांनी डीएनएची तुलना केली. जानेवारी २०११ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष आले. फुलपाखरे आशियातून बेरिंगच्या वाटेनेच आली होती. लाटाही पाचच होत्या. पहिली सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीची, तर शेवटची सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीची.

संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली. त्या काळात बेरिंगचा प्रदेश हळूहळू थंड होत गेला होता. आधीच्या लाटांतील फुलपाखरे उबदार हवेत तग धरणारी निघाली आणि नंतरच्या लाटांतील थंडी सोसणारी. म्हणजे हवामानाचा हिशोबही जुळला.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका जनुकीय अभ्यासात कार्नर ब्लू ही उत्क्रांतीच्या दृष्टीने वेगळी शाखा असल्याचे दिसून आले.

कार्नर ब्लूचे पुढे काय झाले?

हे फुलपाखरू वाचवणे सोपे नाही, कारण त्याची अळी जंगली ल्युपिनखेरीज दुसरे काही खात नाही. वर्षातून दोन पिढ्या होतात. दुसऱ्या पिढीची अंडी हिवाळा काढतात आणि वसंतात अळ्या बाहेर येतात. प्रौढ फुलपाखरू जेमतेम आठवडाभर जगते. ल्युपिनला मोकळे ऊन लागते. पूर्वी अधूनमधून लागणाऱ्या वणव्यांमुळे या रानांत झाडोरा माजत नसे. माणसाने वणवे रोखले, वाळूच्या जमिनीवर रस्ते आणि घरे बांधली. सावली वाढली, तसे ल्युपिन गेले आणि पाठोपाठ फुलपाखरूही. कॅनडातून ते नाहीसे झाले.

१९९२ मध्ये अमेरिकेने कार्नर ब्लूचा धोक्यातील प्रजातींच्या यादीत समावेश केला. इथे नाबोकोव्ह यांच्या कामाचे मोल कळते. त्या कायद्यात कीटकांच्या एखाद्या ठिकाणच्या वसाहतीला स्वतंत्र संरक्षण मिळत नाही. ती वेगळी प्रजाती किंवा उपप्रजाती असावी लागते. कार्नरची फुलपाखरे जुन्याच नावाखाली पेटीत पडून राहिली असती, तर त्यांच्यासाठी या कायद्याचे दार उघडणे अवघड होते.

आता ऑल्बनीच्या रानात नियंत्रित आग लावून जमीन मोकळी केली जाते, ल्युपिनचे बी पेरले जाते आणि प्रयोगशाळेत वाढवलेली फुलपाखरे सोडली जातात. तिथे त्यांची संख्या पुन्हा हजारोंच्या घरात गेली. न्यू हॅम्पशायर राज्यात ती पूर्ण नष्ट झाली होती, तिथेही ती पुन्हा आणली गेली. मात्र आग, पेरणी आणि मोजणी हे काम थांबले, तर झाडे पुन्हा वाढतील आणि ल्युपिन सावलीत जाईल. त्यामुळे हे काम दरवर्षी करावे लागते.